कुंपणालगतचे बावीस फूट

नॉरिस ग्रेटरेक्सला डोळा एकच. डावा गेला तो निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, गुलाब छाटताना. काटा आत शिरला आणि त्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा राहिला. कुणी हळहळलं की नॉरिस म्हणायचा, "जाऊ दे रे. चौतीस वर्षं तो मिटूनच काम केलं मी. पगार उजव्याला मिळायचा."

त्यात खोटं काही नव्हतं. नॉरिस रेल्वेत रूळदुरुस्तीच्या टोळीचा मुकादम होता. रूळ कुठे दबलाय, कुठे उचललाय, हे बघायचं तर मुकादमानं गुडघे टेकायचे, गाल रुळाला लावायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं रुळाच्या माथ्यावरून लांबवर बघायचं. ही नजर कुणाला असते, कुणाला नसते. शिकवून येत नाही. नॉरिसची नजर अशी की पाव इंचाचा फरक तो साठ पावलांवरून सांगायचा. एकदा त्यानं भर सकाळी प्रवाशांची गाडी चाळीस मिनिटं अडवून धरली होती. साहेबांना काही दिसत नव्हतं, मोजमापं सगळी ठीक येत होती, साहेब फोनवर नुसते किंचाळत होते. नॉरिस एकच म्हणत राहिला, "रूळ बसलाय." शेवटी खणून बघितलं तर खालची जुनी मोरी वाहून गेलेली, आत बैल उभा राहील एवढी पोकळी. त्या दिवसापासून आमच्या ब्रॅमथॉर्प गावात कुणाची भिंत कललीय का, कुणाचं दार वाकडं बसलंय का, हे ठरवायला नॉरिसलाच बोलावतात. आणि नॉरिसचा स्वतःवरचा विश्वास असा पक्का झाला की मापं काहीही सांगोत, त्याचा डोळा सांगेल तेच खरं.

अशा माणसानं सत्तरी जवळ आल्यावर घरामागच्या बागेत छोटी रेल्वे बांधायला घेतली, तर ती झकास व्हायला हवी होती. पण झालं उलटंच. आमच्या भागात बागेत रेल्वे बांधणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यात निवृत्त मास्तर आहेत, दातांचे डॉक्टर आहेत, एक पाद्री आहेत. खऱ्या रुळाला हात लावलेला माणूस नॉरिस एकटा. आणि चुकाही सगळ्यांत जास्त त्याच्याच, कारण बाकीचे विचारून विचारून करायचे, नॉरिसला सगळं आधीच ठाऊक होतं.

मंडळींनी सांगितलं, खाली काँक्रीटची पट्टी टाक. नॉरिस हसला. "काँक्रीटवर ट्राम चालते. रेल्वे खडीवर चालते." त्यानं बारीक खडी आणली, चाळली, धुतली, आणि रुळाखालचे आडवे ठोकळे, म्हणजे बोटाएवढे स्लीपर, तिच्यावर अस्सल रेल्वेसारखे बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॅकबर्ड पक्ष्यांनी गांडुळांच्या शोधात ती खडी दोन्ही बाजूंना उधळून टाकलेली. आठवडाभर तो खडी भरायचा, पक्षी उपसायचे. मग थंडी पडली, जमीन गोठून फुगली आणि अख्खी लाइन खाटेवरच्या चादरीसारखी चुरगळली.

वसंतात त्यानं नव्यानं सुरुवात केली, या वेळी खाली विटा घालून. वळणावर त्यानं बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच घेतला, वेगातली गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून घेतात तसा. पण त्याचं छोटं वाफेचं इंजिन चालायचं म्हाताऱ्या माणसाच्या पावलानं. पहिल्याच वळणावर ते आतल्या बाजूला सावकाश कललं आणि मॅविसच्या रुबार्बच्या, आंबट देठांच्या त्या भाजीच्या, वाफ्यात आडवं झालं. मॅविस म्हणजे त्याची बायको. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं.

"नॉरिस, ताशी साठ मैलांची गाडी कधी येणारेय?"

"तू भांडी घास."

"घासतेच आहे. रुबार्ब मोडू नको, रविवारी त्याचं गोड क्रम्बल करायचंय."

बोगद्याचं तर विचारूच नका. त्यानं तो देखणा बांधला, दगडी तोंडाचा, वर शेवाळ लावलेला. आणि इतका लांब बांधला की कुठल्याच बाजूनं हात मध्यापर्यंत पोचेना. इंजिन नेमकं मध्ये जाऊन थांबलं. नॉरिस एका तोंडाशी पालथा, मॅविस दुसऱ्या तोंडाशी, हातात कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायचा बांबू. "ढकल!" "ढकलतेच आहे!" "माझ्याकडे नको, तुझ्याकडे!" "माझ्याकडे कसं ढकलू, शहाण्या?" शेवटी बोगद्याचं छप्पर काढावं लागलं.

या सगळ्या चुका नॉरिसनं हसत कबूल केल्या. मंडळाच्या बैठकीत स्वतःच रंगवून सांगितल्या. नॉरिस हटवादी होता असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो. चूक दाखवली तर तो ऐकायचा. फक्त नजरेच्या बाबतीत नाही.

आणि गाडं अडलं ते तिथेच. मागच्या कुंपणालगत बावीस फुटांचा सरळ पट्टा होता. सगळ्या लाइनीतला सोपा भाग. वळण नाही, चढ नाही. पहिल्या वर्षी तिथून इंजिन लोण्यावरून गेल्यासारखं जायचं. गेल्या हिवाळ्यात मात्र नॉरिसला एका सकाळी गाल रुळाला लावल्यावर सातव्या-आठव्या स्लीपरपाशी खड्डा दिसला. त्यानं खाली पाटीच्या दगडाची चीप सारली. दुसऱ्या दिवशी खड्डा अकराव्यापाशी. तिथेही चीप. मग परत मागे पाचव्यापाशी. खड्डा जागा बदलत होता.

नॉरिसला याचं नवल वाटलं नाही. ब्रॅमथॉर्पमध्ये जन्मलेल्या कुणालाच वाटलं नसतं. आमच्या पायाखाली दीडशे वर्षांच्या कोळशाच्या खाणी आहेत. खाणी बंद होऊन जमाना झाला, पण जमीन अजून बसतेय. आमच्याकडे चर्चचा कळस कललेला आहे, पबमधलं बिलियर्डचं टेबल दर दोन वर्षांनी नव्यानं सपाट करावं लागतं, आणि टेबलावरून वाटाणा पडला तर तो कुठल्या कोपऱ्यात सापडेल हे घरच्या बाईला पाठ असतं. तेव्हा बागेखालची जुनी खाण हलतेय, एवढंच नॉरिसनं धरलं. त्याच सुमारास त्याला मागच्या दाराची चौकटही वाकडी दिसायला लागली होती. त्यानं दार काढलं, रंधलं, परत बसवलं. शेजारच्या धुराड्याला पोक आलं होतं, ते त्यानं शेजाऱ्याला सांगितलं नाही. उगीच कशाला घाबरवा. वर्तमानपत्राच्या ओळीही हल्ली नागमोडी छापतात, असं तो एकदा म्हणाला होता. खाणीवाल्या गावात वाकडं दिसलं की दोष जमिनीचा, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो.

मंडळाचा एक रिवाज आहे. उन्हाळ्यात दर रविवारी एकाच्या बागेत सगळे जमतात. प्रत्येकजण आपापलं इंजिन पेटीत घालून आणतो, यजमानाकडे चहा आणि केक असतो. मात्र यजमानाचं इंजिन पहिली पूर्ण फेरी मारत नाही तोवर पाहुण्यांनी आपलं पेटवायचं नाही. नॉरिसनं जूनचा दुसरा रविवार मागून घेतला होता. तीन वर्षं चुकांच्या गोष्टी सांगून लोकांना हसवलं, आता एकदा खऱ्या मुकादमाची लाइन दाखवायची, असं त्याच्या मनात होतं. त्या रविवारपर्यंत रोज सकाळी तो कुंपणाशी पालथा पडून चिपा सारत होता.

चौदा माणसं आली. मॅविसनं तीन केक केले होते. नॉरिसनं इंजिनात पाणी भरलं, गॅस पेटवला, वाफ धरली, वाफेची चावी उघडली. वळण झालं, छोटा केलेला बोगदा झाला, आणि कुंपणालगतच्या सरळ पट्ट्यावर इंजिन टुणकन उडून गवतात पडलं.

लोक म्हणाले, "होतं असं." दुसऱ्यांदा पडलं. लोक म्हणाले, "चाकात काही अडकलं असेल." तिसऱ्यांदा पडल्यावर लोकांनी केकचा आणखी एकेक तुकडा घेतला. चौथ्यांदा ह्यू पिम पुढे आले. ह्यू भूगोलाचे निवृत्त मास्तर. भला माणूस, फार हळू बोलणारा, आणि हातभर लांबीची पाणसळ पिशवीत घालून फिरणारा. त्यांनी ती रुळावर ठेवली, काचेतला बुडबुडा बघितला, पुढे सरकवली, परत बघितला.

"नॉरिस, इथे उंचवटे झालेत असं दिसतंय. तीन-चार आहेत."

"खड्डे म्हणायचंय तुम्हाला, मास्तर."

"नाही, उंचवटे. बुडबुडा बघा ना."

नॉरिस खाली पडला, गाल रुळाला लावला. "खड्डा आहे. हा काय ढळढळीत खड्डा आहे! तुमचा बुडबुडा मोडलाय."

"बुडबुडा सहसा मोडत नाही हो," ह्यू दिलगिरीच्या सुरात म्हणाले.

"तुम्ही मला रूळ शिकवणार? नकाशात नद्या दाखवणारे तुम्ही! मी गाड्या अडवल्यात या डोळ्यानं! गाड्या!"

तो ओरडला. आमच्याकडे चारचौघांत, तेही केकच्या ताटासमोर, असं कुणी ओरडत नाही. चौदाच्या चौदा माणसांना एकदम चहात साखर घालायची आठवण झाली. पाद्रीबुवांनी केकची पाककृती विचारली. साडेतीनलाच एकेकजण निघाला. प्रत्येकानं जाताना मॅविसचा हात हातात घेऊन सांगितलं की दुपार फार छान गेली. चौदा इंजिनं पेटीतून न निघताच परत गेली. ह्यू सगळ्यांत शेवटी गेले. ते म्हणाले, "माझंच चुकलं. विचारल्याशिवाय पाणसळ काढायला नको होती." नॉरिसनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅविस चहा घेऊन बागेत गेली तर हा परत कुंपणाशी पालथा. तिनं कप भिंतीवर ठेवला, अ‍ॅप्रन गुडघ्याखाली सारला आणि एकोणसत्तर वर्षांची ती बाई कण्हत कण्हत त्याच्या शेजारी गवतात आडवी झाली.

"हे काय करतेस?"

"सरक जरा. मलाही बघू दे, चौतीस वर्षं काय बघत होतास ते." तिनं एक डोळा मिटून बघितलं. "अरे, हा तर उंटासारखा झालाय. इथे वर, इथे वर, आणि इथे."

"खड्डा आहे तिथे, मॅविस."

"मला खड्डा दिसत नाही."

"तुला नजर नाही."

ती उठली, घरात गेली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचा नवा गुंडा घेऊन आली. पट्ट्याच्या या टोकाला एक खुंटी मारली, त्या टोकाला एक. दोरी रुळाच्या वर वीतभर अंतरावर बांधली आणि अंगातला सगळा जोर लावून ताणली.

"ताणलेली दोरी सरळ असते ना? त्यात तर कुणाची नजर लागत नाही?"

"असते सरळ."

"मग बघ."

नॉरिसनं गाल टेकला आणि बघितलं. खालच्या रुळात पोट होतं. वरच्या दोरीलाही पोट होतं, तसंच, त्याच जागी. त्यानं डोळा चोळला. परत बघितलं. मग हात लांब करून दोरीवर बोट मारलं. दोरी तारेसारखी वाजली. ती कुठेही सैल नव्हती. त्याच्या डोळ्यासमोर मात्र ती ओले कपडे वाळत घातल्यासारखी लोंबत होती.

तो बराच वेळ तसाच पडून राहिला. मॅविसला आधी वाटलं, चूक सापडली म्हणून रुसला. मग तिला त्याची पाठ हलताना दिसली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"हिवाळ्यापासून. असेल. दाराची चौकट..."

"नॉरिस! त्या दारातून तेव्हापासून वारा येतोय! मी तीन महिने म्हणतेय, दार बरं होतं, का रंधलंस!"

"धुराडं पण," तो म्हणाला. "पेपर पण. आणि..." त्यानं रुळावर हात ठेवला. "मला वाटलं जमीन बसतेय. मॅविस, मला खरंच वाटलं जमीनच बसतेय." आणि मग त्यानं जे आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "मला भीती वाटतेय गं."

"वाटणारच. एकच तर उरलाय," मॅविस म्हणाली. "ऊठ. तोंड धू. पहिल्या बसनं जाऊ."

काटा लागला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की उरलेला डोळा दरवर्षी दाखवत जा. तो दोन वर्षं गेला, मग कंटाळला. आता इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला चौकटींचा एक कागद दाखवला, गणिताच्या वहीतल्यासारखा, आणि विचारलं, रेघा कशा दिसतात. नॉरिस म्हणाला, "तुमच्या कागदाखाली पण खाण आहे बाई." त्या हसल्या नाहीत. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी आणि रक्त झिरपत होतं, त्यानं पडदा उचलला गेला होता. डोळ्यात दर महिन्याला सुई घ्यावी लागणार होती.

"सरळ होईल का?" त्यानं विचारलं.

"जे उरलंय ते राखायचा प्रयत्न करू. जे वाकलंय ते थोडं सुधारेल. पूर्ण सरळ होईल असं मी सांगणार नाही."

घरी आल्यावर त्यानं फोन उचलला आणि ठेवला, उचलला आणि ठेवला. मॅविस मुद्दाम भाजी चिरत राहिली. शेवटी लागला.

"मास्तर, नॉरिस बोलतोय. तुमचा बुडबुडा बरोबर होता." मग घसा खाकरून म्हणाला, "माझा डोळा मोडलाय."

मग ह्यू त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, "शनिवारी येऊ का? पाणसळ आणतो. आणि सप्टेंबरचा एक रविवार माझ्या नावावर आहे, पण माझ्या बागेत तेव्हा बघण्यासारखं काही नसतं. तुम्ही घ्या तो."

शनिवारी त्यांनी सरळ पट्ट्याखालून सदतीस चिपा काढल्या. ह्यू बुडबुडा बघून बोलायचे, मॅविस पालथी पडून बघायची, आणि नॉरिस ते दोघं सांगतील तिथून चीप उपसायचा. एकदा त्याच्यानं राहवलं नाही. "तिथली नको काढायला, तिथे खरंच..." म्हणाला आणि हात मागे घेतला. मॅविसनं हात पुढे केला. त्यानं चीप काढून तिच्या हातात दिली.

सप्टेंबरपर्यंत तीन सुया झाल्या. पेपरच्या ओळी थोड्या निवल्या. दोरी बघायचं मात्र त्यानं टाळलं.

रविवारी तीच चौदा माणसं आली. जूनचं कुणी काढलं नाही. नॉरिसनंच काढलं. केकला सुरी लावण्याआधी तो उभा राहिला आणि म्हणाला, "मागच्या वेळी मी ओरडलो. मास्तरांना बोललो. डोळ्यात बिघाड होता आणि मला माहीत नव्हतं. मला मापावर विश्वास ठेवायला हवा होता. एवढंच." पाद्रीबुवा म्हणाले, "बरोबर बोललात," आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. आमच्याकडे यापेक्षा जास्त माया उघड्यावर दाखवत नाहीत.

वाफ धरली. मागे डबे जोडून इंजिन थरथरत उभं होतं. चावीला हात लावण्याआधी नॉरिस सवयीनं कुंपणाशी गेला, गुडघे टेकले आणि रुळाला गाल लावला. खड्डा होता. पूर्वीपेक्षा उथळ, पण होता. चौतीस वर्षांत स्वतःच्या डोळ्यानं पास न केलेल्या रुळावर त्यानं गाडी सोडली नव्हती. साहेब किंचाळले तरी सोडली नव्हती. तो तसाच मॅविसकडे वळला.

"तू बघितलास?"

"बघितला."

"सरळ आहे?"

"सरळ आहे, नॉरिस."

तो उठला, इंजिनापाशी गेला आणि चावी उघडली. वळण, रुबार्ब, बोगदा. इंजिन सरळ पट्ट्यावर आलं तेव्हा ते खाली उतरताना त्याला स्पष्ट दिसलं. डबे एकामागून एक पोटात उतरले. गाडी थांबवायला त्याचा हात आपोआप वर गेला होता. तो त्यानं दुसऱ्या हातानं धरून खाली आणला. इंजिन खड्ड्यातून वर आलं, कोपरा वळलं आणि त्याच्या पायाशी येऊन पुढे निघून गेलं. कुणीतरी लगेच दुसरं इंजिन पेटीतून काढलं, मग तिसरं, आणि बागेत गॅसच्या शेगड्या फुसफुसू लागल्या.

दुसऱ्या फेरीला नॉरिसनं रुळाकडे बघितलंच नाही. इंजिन कुंपणालगत आलं की तो मॅविसच्या तोंडाकडे बघायचा. तिचं नाक डावीकडे सरकलेलं दिसत होतं आणि एक भुवई खाली घसरली होती. पण ती हसत होती, एवढं त्याला नीट दिसलं.